आधी पातेले उतरवा

स्वयंपाकघर हा या सदराचा विषय नव्हे, हे मला मान्य आहे. वर्षभर दर आठवड्याला मी या पानावर शब्दांविषयी लिहितो, पुस्तकांविषयी लिहितो, आणि फारच झाले तर कॉलेजातल्या गमतीजमती सांगतो. पण दिवाळीच्या दिवसांत घरोघर कढई सकाळपासून चढलेली असते आणि दारावरची बेलही सकाळपासून वाजत असते. तेव्हा यंदा एका पातेल्याची आणि एका बेलेची हकीकत सांगितली तर ती अगदीच अस्थानी होणार नाही.

आमच्या घरी स्वयंपाक माझ्याकडे आला तो बदलीच्या हुकुमाने. माझी पत्नी बँकेत आहे. दोन वर्षांपूर्वी तिची बदली लातूरला झाली आणि ती महिन्यातून दोनदा येणारी पाहुणी झाली. मागे राहिलो आम्ही तिघे: अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, सातवीतली कन्या आणि मी. आईचे गुडघे आता तिला ओट्यापाशी उभे राहू देत नाहीत; मात्र जीभ आणि नजर दोन्ही शाबूत आहेत. ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि माझ्यावर पर्यवेक्षण करते. परीक्षेच्या हॉलमध्ये मी आजवर शेकडो मुलांवर पर्यवेक्षण केले. त्या मुलांना काय वाटत असेल, ते मला आता कळते.

वरण, भात, आमटी, दोन-तीन भाज्या एवढे मी तीन महिन्यांत शिकलो. पोळ्या बाई करून देतात. आपला रोजचा स्वयंपाक मोठा समजूतदार आहे, हे मला तेव्हा उमगले. आमटी उकळत असताना कोणी आले तर ती खुशाल उकळत राहते. उलट अधिक मुरते. भात आसट झाला तर त्याला गुरगुट्या म्हणतात आणि वर तूप-मेतकूट घालून आवडीने खातात. त्याहून मऊ झाला तर खिमट म्हणून बाळाच्या वाटीत जातो. उरला तर फोडणीचा भात होतो. तळाला लागलेली खरवडसुद्धा कोणी तरी मागून घेतो. चूक झाली तरी तिला नाव आहे, आणि नाव असले की खाणाराही असतो. अशा स्वयंपाकावर हात बसलेला माणूस थोडा बेफिकीर होतो. तसा मी झालो होतो.

गोष्ट गेल्या फेब्रुवारीतली. कन्येने आठवडाभर धोशा लावला होता की शनिवारी रात्री पास्ताच हवा. मी पाकीट आणले. त्यावर स्वच्छ छापले होते: ११ मिनिटे. आम्ही मराठीचे मास्तर छापील शब्दावर फार विश्वास ठेवतो. तिघांना पुरेल असा २५० ग्रॅम पास्ता, अडीच लिटर पाणी, पाण्याला मीठ, शेजारच्या कढईत टोमॅटोचा रस्सा, अशी सिद्धता करून मी घड्याळ लावून उभा राहिलो.

"ह्या नळ्या कसल्या रे?" आईने विचारले.

"पास्ता, आई. गव्हाचाच असतो."

"मग शेवयांसारखंच की," ती म्हणाली आणि गप्प बसली.

सातव्या मिनिटाला बेल वाजली. मी गॅस बारीक केला आणि दार उघडायला गेलो. त्या संध्याकाळच्या सगळ्या चुकांची सुरुवात त्या 'बारीक करण्या'त आहे.

दारात माझा एक विद्यार्थी होता. बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाचा. शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारा, विचारल्याशिवाय न बोलणारा आणि विचारले की नेमके बोलणारा. आमच्या गावापासून चौदा-पंधरा किलोमीटरवरच्या खेड्यातून रोज एस. टी.ने येतो. त्याच्या हातात भाषाविज्ञानाचे जाडजूड पुस्तक होते. त्याच्या कार्डावरची पुस्तके संपली होती, म्हणून ते मी माझ्या नावावर काढून त्याला दिले होते.

"सर, पुस्तक द्यायला आलो होतो."

"ये, ये. बस. वा, छान. ठेव तिथे टेबलावर."

तो बसला. मीही बसलो, पण खुर्चीच्या कडेवर. माझा एक कान त्याच्याकडे होता आणि दुसरा स्वयंपाकघराकडे.

"काय, घरी सगळं ठीक?"

"हो सर. म्हणजे... वडील जरा..."

एवढ्यात आतून चर्र असा आवाज आला. पातेले उतू गेले होते. "अगं, गॅस बंद कर!" मी आत ओरडलो. कन्येने गॅस बंद केला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच्याकडे वळलो. "हं, काय म्हणत होतास?"

"काही नाही सर."

मग तो इकडचे तिकडचे बोलला. एस. टी.च्या वेळा, वर्गातल्या कोणाला तरी लागलेली नोकरी, असे काहीबाही. मी "हो का", "बरोबर आहे", "बघू या" असे शब्द योग्य जागी पेरीत होतो. शब्द पेरण्याचीच नोकरी असल्यामुळे ते मला न ऐकताही जमते. वीसेक मिनिटांनी तो उठला. दारात जाऊन एकदा वळला, चपला घातल्या, पुन्हा वळला, आणि "येतो सर" म्हणून गेला.

मी धावत आत आलो. गॅस केव्हाच बंद झाला होता, तेव्हा बिघडण्यासारखे काही नाही, अशी माझी समजूत. झाकण काढले तर पातेल्यातले पाणी कमी झाले होते. नळ्यांनी त्यातले काही पिऊन टाकले होते. त्या फुगून एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, आणि झारा घातला तर नळी न येता गोळा येत होता. मी शितावरून भाताची परीक्षा करावी तशी एक नळी उचलून दाताखाली धरली. दाताला काही लागलेच नाही. ती जिभेवरच विरघळली.

"वेळलं नाहीस?" आईने विचारले.

मी एम. ए. मराठी. 'वेळणे' हा शब्द मला ठाऊक नव्हता असे नाही. भात शिजत आला की पातेल्यावर झाकण दाबून आतले पाणी ओतून काढायचे, ते वेळणे. आणि ज्या झाकणाने हे करायचे ती वेळणी. कुकर आला आणि शहरातल्या घरांतून हा शब्द उठला. मी तो वर्गात 'लोप पावणारे शब्द' म्हणून फळ्यावर लिहून दाखवतो. आणि ज्या एका संध्याकाळी तो हाताने करून दाखवायची वेळ आली, तेव्हा मला आठवला नाही.

नंतर मी थोडा अभ्यास केला. चूक झाल्यावर पुस्तके उघडायची, हा आमचा धंद्याचाच रिवाज. पास्ता ज्या गव्हाचा करतात तो ड्युरम नावाचा कठीण दाण्याचा गहू. आपल्याकडे बन्सी म्हणतात तो याच जातीचा. आणि बन्सीच्या रव्याच्या शेवया चांगल्या होतात, हे जुन्या बायकांना कोणी सांगावे लागत नसे. इटलीत तर १९६७ साली कायदाच झाला, की तिथला वाळलेला पास्ता ड्युरम गव्हाचाच असला पाहिजे. या गव्हात जो चिवट अंश असतो त्याचे पिठात एक जाळे तयार होते आणि स्टार्चचे कण त्या जाळ्यात अडकून राहतात. पाण्याचे उष्णतामान साधारण साठ अंशांच्या वर गेले की हे कण पाणी पिऊन फुगू लागतात. जाळे धरून आहे तोवर नळी नळीसारखी राहते. फार वेळ झाला की जाळे सैल पडते, स्टार्च पाण्यात उतरतो, आणि मग चिकटपणा व गोळा.

आता माझी चूक कुठे झाली ते पाहा. गॅस बंद केला तेव्हा पाणी जवळजवळ उकळत्या उष्णतामानाचे होते. झाकलेले दोन-अडीच लिटर पाणी साठ अंशांच्या खाली यायला बराच वेळ लागतो. म्हणजे आग विझली तरी शिजणे चालूच होते. इटालियन लोक ज्याला 'अल देन्ते' म्हणतात, म्हणजे दाताला किंचित लागेल असा, तो पास्ता अर्ध्या-एक मिनिटाच्या फरकाने हातचा जातो. मी त्याला वीस मिनिटे दिली होती.

अशा वेळी करायचे काय, तेही सांगून ठेवतो. मधेच उठावे लागले तर गॅस बारीक करू नका, नुसता बंदही करू नका. नळ्या कच्च्या असोत की अर्ध्या शिजलेल्या असोत, तशाच चाळणीत ओता, वेळून घ्या, चमचाभर तेल लावा आणि परातीत पसरून ठेवा. परत आल्यावर उकळत्या पाण्यात शिजेपर्यंत बुडवा, किंवा रश्श्यातच शेवटचे शिजवा. हॉटेलांतूनही आधी अर्धवट शिजवून ठेवतात आणि गिऱ्हाईक आल्यावर पुरे करतात. कच्चे राहिलेले शिजवता येते. शिजून गेलेले मात्र कच्चे करता येत नाही.

आणि गोळा झालाच, तर? थोडाच मऊ झाला असेल तर लगेच वेळून गार पाण्याखाली धरावा, रस्सा वेगळा गरम करावा आणि दोन्हींची गाठ ताटातच घालावी. फारच मऊ झाला असेल तर त्याला पुन्हा पाणी दाखवू नये, तवा दाखवावा. नेपल्सकडे उरलेल्या मॅकरोनीत अंडी आणि चीज घालून तव्यावर जाड थर भाजतात, दोन्ही बाजूंनी खरपूस. त्याला ते फ्रिताता म्हणतात आणि सहलीला बांधून नेतात. आपल्या फोडणीच्या भाताचाच हा परदेशी भाऊ. म्हणजे त्यांच्या स्वयंपाकालाही आपल्यासारखीच समज आहे. ती मला ठाऊक नव्हती इतकेच. आमच्या ओट्यावर अंड्याला मज्जाव, म्हणून मी त्या गोळ्याचे तुकडे करून त्यात बेसन, कांदा, मिरची आणि कोथिंबीर घातली आणि धिरड्यासारखे थापून तव्यावर लावले.

ते तव्यावर चुरचुरत असतानाच आईने विचारले, "तो मुलगा कशाला आला होता रे?"

"पुस्तक परत द्यायला."

"परीक्षा झाली का त्याची?"

"छे! परीक्षा एप्रिलमध्ये आहे. अजून अर्ज भरणं चाललंय."

"मग पुस्तक आत्ताच कशाला परत केलं?"

माझ्या हातातले उलथने थांबले. वीस वर्षे मी शिकवतो आहे. परीक्षेला दोन महिने असताना नेमलेल्या विषयाचे पुस्तक, तेही मास्तरांच्या नावावर काढलेले, पंधरा किलोमीटर येऊन परत करणारा मुलगा काय सांगायला आला असेल, हे मला पुस्तक पाहताक्षणी कळायला हवे होते. आणि मी त्याला काय म्हणालो? 'वा, छान. ठेव तिथे.'

आई पुढे काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. मला एकदम आमचे साताऱ्याचे जुने बिऱ्हाड आठवले. १९८६च्या सुमाराची गोष्ट. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या आणि आई वातींच्या स्टोव्हवर स्वयंपाक करी. एका रात्री मी ताट घेऊन बसलो होतो, भात अर्धा शिजला होता, आणि शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत. आईने त्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिले. तिने 'काय झालं' असे विचारले नाही, 'बसा हं, आलेच' असेही म्हटले नाही. तिने स्टोव्ह विझवला, पातेले खाली उतरवले, त्यावर ताट झाकले, पदराला हात पुसले आणि काकूंच्या समोर जमिनीवर बसली. मग म्हणाली, "हं, बोला."

काकूंच्या यजमानांची नोकरी सुटली होती. तासभर त्या बोलत होत्या आणि मी भुकेने कळवळत होतो. त्या गेल्यावर मी रडत म्हणालो, "तू भात का उतरवलास?" आई म्हणाली, "भात काय, पुन्हा चढवता येतो." त्या रात्री मी गुरगुट्या भात खाल्ला. वर तूप होते.

चाळीस वर्षे ही गोष्ट मी आईच्या चांगुलपणाची गोष्ट म्हणून मनात ठेवली होती. त्या शनिवारी कळले की ती कामाच्या पद्धतीचीही गोष्ट आहे. आईने पातेले उतरवले म्हणून तिला दोन्ही कान काकूंना देता आले. मी गॅस बारीक केला, म्हणजे मी जाग्यावरून उठलो पण मनाने तिथेच राहिलो. त्यामुळे पास्त्याला माझा हात मिळाला नाही आणि मुलाला माझा कान मिळाला नाही. तेलही गेले, तूपही गेले, अशी अवस्था. फरक इतकाच की पातेल्यातल्या गोळ्याचे धिरडे झाले. कन्येने ते दोन वेळा मागून घेतले, आणि आईनेही "नळ्यांपेक्षा हे बरं" असा शेरा दिला. पण "वडील जरा..." या अर्ध्या वाक्याचे काय करायचे, ते कुठल्याच पाकपुस्तकात नव्हते. एकदा तुटलेले वाक्य माणूस पुन्हा त्याच जागी जोडत नाही.

त्या रात्री मी त्याला तीनदा फोन केला. फोन बंद होता. रविवारी सकाळी पुस्तक पिशवीत घालून स्कूटरने त्याच्या गावी गेलो.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात बाजेवर त्याचे वडील निजले होते. महिन्यापूर्वी ट्रॅक्टरवरून पडून त्यांच्या कमरेला मार बसला होता. त्याची आई चुलीवर भाकरी करीत होती. मला पाहताच तिने तवा खाली उतरवला, लाकडे मागे ओढली आणि घोंगडी अंथरली. मी तिच्या त्या हातांकडे पाहत राहिलो. हे कोणी कोणाला शिकवते कुठे, कुणास ठाऊक.

मुलाने सांगायला आता हरकत घेतली नाही. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी काम मिळत होते, सोमवारपासून. वडील उभे राहीपर्यंत घरात पैसा आणणारा तोच. परीक्षेचा अर्ज भरायचा नाही असे त्याने ठरवले होते. "तुम्हाला विचारायला आलो होतो सर," तो म्हणाला, "पण तुम्ही कामात होता."

'कामात होतो' या दोन शब्दांना मी काय उत्तर देणार? मी म्हणालो, "पास्ता करीत होतो. तोही बिघडला." तो हसला. त्याच्या आईने पास्ता म्हणजे काय ते विचारले, आणि मी शेवयांवरून समजावून सांगितले.

मी काही चमत्कार केला नाही. तो सोमवारी चाकणला गेलाच. जाणे भागच होते. पण अर्जाची मुदत अजून चार दिवस होती. तो तिथेच, घोंगडीवर बसून, आम्ही भरला. एप्रिलमध्ये पेपरांच्या दिवसांपुरती बिनपगारी रजा काढून तो आला आणि परीक्षेला बसला. एक विषय सोडून सगळ्यांत सुटला. राहिला तो भाषाविज्ञानाचाच. ते जाडजूड पुस्तक आता चाकणला त्याच्या खोलीवर आहे. ग्रंथालयाच्या नोंदीत ते माझ्या नावावर आहे आणि परतीची तारीख केव्हाच उलटून गेली आहे. दंडाच्या पावत्या मी जपून ठेवतो.

हे तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्या कढईत बहुधा चकली असेल. बेल वाजेल. तापलेले तेल आचेवर सोडून जाणे धोक्याचे, हे गृहिणींना मी सांगायला नको. पण नव्याने ओट्यापाशी उभे राहिलेल्या माझ्यासारख्या पुरुषांना सांगतो. गॅस बारीक करून धावू नका. कढईतली चकली झाऱ्याने काढा, गॅस बंद करा, हात पुसा. याला अर्धा मिनिट लागतो, आणि दारातला माणूस तेवढा थांबतो. मग दार उघडा, त्याला आत घ्या आणि त्याच्यासमोर खुर्चीत नीट मागे टेकून बसा.